सोसणाऱ्या बायका, समजावणारे पुरुष : निनावी पैशावरच्या माहितीपटाचं काय करायचं?

प्रश्न : मी राजकारणातल्या निनावी पैशावर माहितीपट करतोय. कच्चं संकलन ६२ मिनिटांचं झालंय. निवडणूक रोखे (बँकेतून विकत घेऊन, नाव जाहीर न करता पक्षाला द्यायची देणगीपत्रं) हा त्याचा कणा. शेवटची पंधरा मिनिटं आमच्याकडे निवडणुकीच्या आधी येणाऱ्या पैशावर आहेत : गणपतीला मुंबईहून सुटणाऱ्या फुकट गाड्या, देवळांचे जीर्णोद्धार, बचत गटांना कुकर, क्रिकेटच्या स्पर्धा. चिपळूणला ओळखीच्या मंडळींना दाखवला, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "यात आमच्यातलं कोण आहे?" मोजलं तर बोलणारे ११ जण, त्यात ९ पुरुष. त्यातले ७ मुंबई-पुणे-दिल्लीचे वकील, प्राध्यापक, पत्रकार. दोन बायकांपैकी एक मासे विकणाऱ्या मावशी. त्या ४० सेकंद दिसतात आणि रडतात. कुणबी, बौद्धवाडी, मोहल्ला, कातकरी, कोणीच नाही. आता आठवडाभर फिरून पाच-सहा मुलाखती घेऊन मध्ये घालाव्यात म्हणतो. पण लोक घाबरतात, नाव नको म्हणतात. शिवाय पैसे संपलेत. मुंबईतले एक गाववाले दोन लाख द्यायला तयार आहेत, पण नाव कुठे यायला नको अशी त्यांची अट आहे. शेवटच्या पाटीवर "फेब्रुवारी २०२४ मध्ये निनावी देणग्या बंद झाल्या" असं लिहिलंय, ते बरोबर आहे ना? आणि मेअखेर शूटिंग सुरू केलं तर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : आठवडाभर फिरून पाच-सहा चेहरे आणू नका. ते पडद्यावर येतील, पण चिपळूणच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. आधी एक तक्ता करा. संकलनाच्या टाइमलाइनवरून प्रत्येक बोलणाऱ्याची एक ओळ घ्या : किती सेकंद, कुठे बसून, आणि त्या सेकंदांत तो माणूस काय करतोय. या शेवटच्या रकान्यात चारच नोंदी ठेवा. कागद दाखवतो, यंत्रणा समजावतो, मत देतो, आपबीती सांगतो. शहरातल्या सात जणांचे सगळे सेकंद पहिल्या तिन्हींत आणि मावशींचे चाळीसच्या चाळीस चौथ्यात पडणार, हे पत्रावरूनच दिसतंय. तुमचा खरा दोष तिथे आहे. बौद्धवाडीतल्या आणि मोहल्ल्यातल्या चार जणांना आणून त्यांनाही रडायला लावलं तर तो दोष चौपट होईल. तक्त्यात जातीचा रकाना हवाच असेल तर माणूस स्वतः सांगेल तेवढंच लिहा. आडनावावरून अंदाज बांधू नका, कदम-जाधव-पवार आपल्याकडे चार समाजांत सापडतात.

हा नुसता न्यायाचा प्रश्न नाही, तुमच्या माहितीपटात त्यामुळे मोठं भगदाड पडलंय. रोख्यांचा कागद कुठपर्यंत पोचतो ते पाहा. २ जानेवारी २०१८ ला योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखांतून १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटीचे रोखे विकले जात आणि पक्षाला ते १५ दिवसांत वटवावे लागत. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, मतदाराच्या माहितीच्या हक्कावर गदा येते म्हणून योजना रद्द केली. बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती ११ मार्चला नाकारली गेली. १४ मार्चला खरेदीदारांच्या आणि रोखे वटवणाऱ्या पक्षांच्या वेगवेगळ्या याद्या आल्या आणि २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक आले, तेव्हा कुठे खरेदीदार आणि पक्ष यांची जोडी लावता आली. बँकेच्या या याद्या १२ एप्रिल २०१९ पासूनच्या आहेत. त्याआधीच्या वर्षभरातल्या रोख्यांबद्दल पक्षांनी निवडणूक आयोगाला बंद पाकिटात दिलेलीच माहिती आहे आणि बहुतेक पक्षांनी देणगीदार सांगितलेले नाहीत. तुमच्या सात जणांपैकी कोणी "सगळे देणगीदार उघड झाले" म्हणालं असेल तर ते वाक्य कापा.

याद्या पक्षाच्या खात्याशी येऊन संपतात. तिथून तुमच्या वाडीपर्यंतची यादी कोणाकडेच नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, २०२२ च्या दरांनुसार महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचाच खर्च मोजतं आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. भाद्रपदातली गाडी, मार्गशीर्षातली क्रिकेटची स्पर्धा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा कुकर, हे सगळं त्या मुदतीबाहेरचं. ते निवडणुकीच्या कोणत्याही हिशेबात येत नाही. ते ठाऊक असतं गटाच्या खजिनदार बाईला, मंडपवाल्याला, फ्लेक्स छापणाऱ्याला, गाववाल्यांच्या मुंबई मंडळाच्या चिटणीसाला, टेम्पोतून सामान उतरवणाऱ्या पोरांना. दिल्लीचा प्राध्यापक हे सांगू शकत नाही. निनावी पैशाच्या शेवटच्या टप्प्याचे जाणकार तुमच्याच तालुक्यात आहेत आणि तुम्ही त्यांना अजून प्रश्नच विचारलेला नाही.

शेवटची पाटी चूक आहे. बंद झाला तो रोख्यांचा मार्ग. २० हजार रुपयांपर्यंतची देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाला आयोगाकडे कळवावं लागत नाही. रोखीची मर्यादा २०१७ पासून माणशी २ हजार आहे. इलेक्टोरल ट्रस्ट, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था, चालूच आहेत. त्यांत ट्रस्टला कोणी दिले आणि ट्रस्टने कोणाला दिले हे जाहीर होतं, पण कोणाचे पैसे कोणत्या पक्षाकडे गेले ही जोडी दरवेळी लागत नाही. पाटीवर लिहा : "फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द झाले." तेवढंच खरं आहे आणि तेवढंच पुरे.

आता माणसांकडे. बचत गटापासून सुरुवात करा. तिथे हिशेबाची सवय आहे, तारखा पाठ असतात. घोळका करून विचारू नका, सगळ्यांसमोर अध्यक्षबाईच बोलतात आणि बाकीच्या माना डोलावतात. दोघी-दोघींशी बोला, कॅमेरा न लावता. विचारायचं ते असं : वस्तू कुठून आल्या, कोणत्या गाडीतून, वाटणारं कोण, पिशवीवर फोटो होता का, सही घेतली का, आधार कार्डाची झेरॉक्स मागितली का, आणि कोणत्या वाडीला मिळालं नाही. या शेवटच्या प्रश्नात तुमच्या माहितीपटाचा जीव आहे. मराठवाडीत पोचलेला कुकर बौद्धवाडीच्या अलीकडे थांबला की नाही, मोहल्ल्यात वेगळा माणूस वाटायला आला की कोणीच आलं नाही, धनगरवाड्यावर रस्ता नाही म्हणून कोणी गेलंच नाही का, यावरून पैसा कोणत्या हिशेबाने वाटला गेला ते कळतं. हे सांगायला बौद्धवाडीतला माणूसच हवा, आणि तो इथे पीडित म्हणून येत नाही, नकाशा वाचून दाखवणारा म्हणून येतो. गावाचा हाती काढलेला वाडीवार नकाशा त्याच्यासमोर ठेवा, पेन त्याच्या हातात द्या आणि कॅमेरा वरून कागदावर लावा. बोट फिरतंय, पेन थांबतंय, मागून आवाज येतोय. चेहरा न दाखवता चार मिनिटांचा पक्का प्रसंग मिळतो.

मासे विकणाऱ्या मावशींकडे परत जा. त्यांचे ते ४० सेकंद सध्या काढून ठेवा. त्यांना धंद्याचं विचारा : लिलावात दर कोण पाडतं, मिनी पर्ससीनची (अख्खा थवा वेढणारी जाळी) आणि एलईडीची (पाण्यावर प्रखर दिवे लावून पकडलेली) मासळी कधी येते, राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारी बंद केली, त्यानंतर बंदरात काय बदललं आणि काय नाही. कायदा कागदावर असताना किनाऱ्यावर काय चालतं हे त्या रोज पाहतात. मात्र "अमुक नेत्याला पैसे पोचतात" असं त्या म्हणाल्या तर पुराव्याशिवाय ते ठेवू नका. बदनामीचा खटला, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, तुमच्यावर येईल तसा त्यांच्यावरही येईल, आणि त्यांच्याकडे वकील नसेल. १९९७ मध्ये दाभोळ वीज प्रकल्पाच्या विरोधात वेलदूरच्या बायकांना पोलिसांनी पहाटे घरातून ओढून नेलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या सर्वेक्षणाला विरोध करत बायका गाड्यांपुढे आडव्या झाल्या. ती दृश्यं सगळ्यांना आठवतात. जमिनी कोणी घेतल्या, कधी घेतल्या याबद्दल त्या बायका काय सांगत होत्या, ते क्वचितच ऐकायला मिळतं. तुमच्याकडून तरी तसं होऊ नये.

सरपंचबाईंची मुलाखत घ्याल तेव्हा यजमान बाजूला येऊन बसतील आणि उत्तरं तेच देतील. घरी घेऊ नका, ग्रामपंचायतीत घ्या. टेबलावर ग्रामसभेचं इतिवृत्त उघडं ठेवा आणि पहिला प्रश्न त्यातल्या एका ठरावावर विचारा. जिच्या सहीचा कागद समोर असतो तिचं बोलणं बदलतं. यजमानांना दुसऱ्या दिवसाची, दुसऱ्या जागेची वेळ द्या, म्हणजे त्यांचा मानही राहतो. मोहल्ल्यातल्या माणसाला धर्मावर विचारू नका, बंदर, जेटी, जमीन, आखातातून येणारा पैसा आणि मंडळांच्या वर्गण्या यांवर विचारा.

भाषेचं जपा. दालदी मच्छीमारांची कोकणी, संगमेश्वरी, मालवणी आहे तशी ऐकू द्या आणि खाली प्रमाण मराठीत ओळी द्या. पण मग दिल्लीच्या वकिलांच्या इंग्रजीखालीही तशाच ओळी हव्यात. एकाचंच बोलणं अवघड ठरवलं की प्रेक्षकही त्याला तसंच वागवतो. दोन ओळींहून जास्त नको, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, आणि पडद्यावर किमान दीड-दोन सेकंद.

भीतीबद्दल. लोक घाबरतात यात चूक त्यांची नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात रिफायनरीच्या जमिनींवर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीच्या धडकेत गेले आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. एवढं टोक प्रत्येक वेळी येत नाही, पण गावकीने वाळीत टाकणं, नळ तोडणं, शिमग्यात पालखी दारात न आणणं हे होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा २०१६ चा कायदा आहे, तरी तक्रार करणाऱ्याला त्याच वाडीत राहायचं असतं.

सगळ्यात मोठा धोका बहुतेक जण विसरतात. मतासाठी पैसे किंवा वस्तू देणं जसा गुन्हा, तसं घेणंही गुन्हा आहे : न्याय संहितेचं कलम १७०, शिक्षा कलम १७३ मध्ये. "मी पाचशे घेतले" असं बाईने कॅमेऱ्यासमोर म्हटलं की तिने स्वतःविरुद्ध जबाब दिला. देणारा निनावीच राहतो, घेणारी नावानिशी अडकते. म्हणून "तुम्ही काय घेतलंत" असं कधीच विचारू नका. "गावात काय वाटलं जातं" असं विचारा. कोणी ओघात बोलून गेलंच तर ते फुटेज वापरू नका आणि कोणाला पाठवूही नका.

नाव लपवायचं तर पुरतं लपवा. दोनशे उंबऱ्यांच्या गावात चेहरा धूसर करून काही होत नाही. माणूस आवाजावरून, चालीवरून, नथीवरून, मागच्या चिऱ्याच्या भिंतीवरून, होडीवरच्या नोंदणी क्रमांकावरून, अंगणातल्या कुत्र्यावरूनसुद्धा ओळखला जातो. आवाज जाडा-बारीक केला तर तो परत मूळ करता येतो. खात्रीची रीत अशी : बोलणं लिहून घ्या, दुसऱ्या तालुक्यातल्या कोणाकडून तेच शब्द वाचून घ्या आणि पडद्यावर स्पष्ट लिहा, "आवाज बदललेला, शब्द त्यांचेच". मुलाखत त्यांच्या घरी नको, गावाबाहेर आडबाजूला गाडी उभी करूनही नको. तालुक्याला बाजाराच्या दिवशी या म्हणावं. फोनवर शूट करत असाल तर लोकेशन बंद ठेवा. मूळ फायली कुलूपबंद हार्डडिस्कवर ठेवा, व्हॉट्सॲपवर एकही क्लिप नको. संमती दोनदा घ्या : एकदा शूटिंगआधी वाचून दाखवून, एकदा संकलित भाग दाखवून. अंतिम संकलन बंद होईपर्यंत माघार घेता येईल हे कागदावर लिहून द्या, आणि ती तारीखही लिहा.

यावर कोणी विचारेल, निनावी पैशाविरुद्ध बोलता आणि साक्षीदार निनावी कसे? न्यायालयानेही हा प्रश्न टाळलेला नाही. माणसाचा राजकीय कल गोपनीय राहण्याचा हक्क रोख्यांच्या त्याच निकालात मान्य केलाय. पण कंपनीने दिलेली भलीमोठी रक्कम आणि साध्या माणसाची देणगी यांना एकाच मापाने मोजायला नकार दिलाय, कारण मोठी रक्कम बहुधा धोरण वाकवायला दिली जाते. हे तुमच्या वकिलांकडून दीड मिनिटात वदवून घ्या. शहरातल्या सातही जणांना ठेवायची गरज नाही. रोखे अपारदर्शक होते हे सात तोंडांनी सांगून काय मिळतं? दोघे-तिघे ठेवा, त्यांना मिळून पंधरा-सोळा मिनिटं द्या. बाकीची वेळ आपोआप मोकळी होते.

दोन लाखांना नाही म्हणा. त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण या विषयावरच्या माहितीपटात एक निनावी रक्कम आली की पहिला पत्रकार तेच विचारेल आणि तुम्ही ज्यांना बोलतं केलंत त्या बायकांची साक्षही संशयात जाईल. त्यांना नाव द्यायचं नसेल तर कॅमेरा किंवा संकलनाची खोली वापरायला द्या म्हणणंही त्याच जातीचं आहे, तेही घेऊ नका. पाचशे-हजाराच्या वर्गण्या काढा आणि शेवटी प्रत्येकाचं नाव रकमेसह द्या. आखातातल्या नातलगांकडून घेताना पासपोर्ट बघा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत, पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्याचे धरतात. चालू घडामोडींचे दृक्‌श्राव्य कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना परदेशी देणगी घ्यायला बंदी आहे.

मुलाखतीचे पैसे द्यायचे की नाही? साक्षीचे देऊ नका, बुडालेल्या मजुरीचे द्या. विमानाने आलेल्या तज्ज्ञाचं तिकीट काढलं असेल आणि लिलाव बुडवून बसलेल्या मावशींना चहा पाजला असेल, तर ते बरोबर नाही. सगळ्यांना एकच दर ठरवा, कॅमेरा सुरू होण्याआधी द्या आणि शेवटच्या पाटीत तसं लिहा. आणि गावातलीच एक शिकलेली मुलगी संशोधनाला घ्या, नावासकट, पगारासकट. संकलनात काय राहावं यावर तिचा शब्द चालला पाहिजे.

मेअखेरचं वेळापत्रक अर्धंच जमेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाड्यात किंवा हर्णैला निवांत बोलायचं तर हाच काळ, लिलावाची दृश्यं मात्र ऑगस्टनंतर घ्या. कुणबीवाडीत जून-जुलैत जाऊ नका, लावणीच्या चिखलातल्या माणसाला कोणी मुलाखत मागू नये. रायगडच्या बाजूला जाणार असाल तर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यांच्याशी पावसाळ्यातच बोला. निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास कुठेही दाखवू नका, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ त्यासाठीच आहे.

या आठवड्यात एक काम उरका. मागच्या गणपतीत तुमच्या भागात आलेल्या एसटीच्या गाड्या आठवा : पुढच्या काचेवर नेत्याच्या फोटोचा फ्लेक्स, कोपऱ्यात मार्करने लिहिलेलं वाडीचं नाव, आत कोणत्या सीटवर कोण याचा हातचा कागद. अशी अख्खी गाडी गट आरक्षणात घेतात आणि त्याची पावती फाटते. गाडी जिथून सुटली त्या आगाराच्या विभागीय कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. म्हणून प्रत्येक विभागाचा वेगळा अर्ज करा, दोन वर्षांचं एकात कोंबू नका. थेट "पैसे कोणी भरले" विचाराल तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता जास्त. आधी गाड्यांची संख्या, एकूण रक्कम, भरण्याची पद्धत आणि पावत्यांच्या पाहणीची परवानगी मागा. नाव दुसऱ्या अर्जात मागा, आणि ते नाकारलं तर नकाराचं पत्रच कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवता येतं. ते बचत गटातल्या कोणीतरी वाचावं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. खासगी बसला हे लागू नाही, तिथे मंडळाच्या खजिनदारालाच गाठावं लागेल. आत्ता अर्ज टाकलात तर अपील धरूनही यंदाच्या गाड्या सुटायच्या सुमारास काहीतरी हातात असेल, आणि तेव्हा कॅमेरा घेऊन आगारात उभं राहता येईल.